दोन कार्यालयांसाठी मोडेमची जोडी: डब्यावरचा वेग आणि लाइनवरचा वेग

दोन कार्यालयांमध्ये साध्या टेलिफोन लाइनवरून फाइली पाठवायच्या असतील आणि त्यासाठी मोडेमची (संगणकाची माहिती फोन लाइनवरच्या आवाजात आणि आवाज पुन्हा माहितीत बदलणाऱ्या उपकरणांची) जोडी निवडायची असेल, तर डब्यावर छापलेला ५६ के, म्हणजे ५६,००० बिट प्रतिसेकंद, हा आकडा सरळ बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हा आकडा खोटा नाही. पण तो ज्या परिस्थितीत खरा ठरतो ती परिस्थिती दोन कार्यालयांच्या मध्ये कधीच नसते. या परीक्षणात मुख्यतः यूएस रोबोटिक्सच्या कुरिअर या बाह्य मोडेमविषयी लिहिले आहे. त्याच्याशी तुलना करण्यासाठी संगणकाच्या आत बसणारी कार्डे, सॉफ्टमोडेम आणि छोटे यूएसबी मोडेम यांचाही विचार केला आहे. वापर एकच गृहीत धरला आहे: एका कार्यालयातील संगणकाने दुसऱ्या कार्यालयातील संगणकाला थेट फोन लावायचा, ठरलेल्या फाइली पाठवायच्या व आणायच्या आणि फोन ठेवायचा, आणि हे सगळे शक्यतो रात्री, जवळ कोणी नसताना व्हावे. ब्रॉडबँड न पोहोचलेल्या जागी, किंवा इंटरनेटशी संबंध नको असे ठरवून वेगळ्या ठेवलेल्या यंत्रणांमध्ये, ही गरज अजून संपलेली नाही.

आधी ५६ केचा हिशेब पाहू. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आपल्या लाइनवरून आलेल्या आवाजाचे दर सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत नोंदवला जातो; म्हणजे पुढच्या डिजिटल जाळ्यात प्रत्येक संभाषणाला ६४,००० बिट प्रतिसेकंद मिळतात. नमुना ८ बिटांत बसवताना जी काटछाट होते तिच्यातून एक प्रकारचा गोंगाट निर्माण होतो, आणि हा गोंगाटच साध्या लाइनवरच्या मोडेमच्या वेगाला कुंपण घालतो. १९९८ मध्ये मान्य झालेल्या व्ही.९० या मानकाने हे कुंपण एकाच दिशेने ओलांडले. इंटरनेट सेवा देणाऱ्याचे उपकरण एक्स्चेंजला डिजिटल जोडणीने जोडलेले असते, त्यामुळे त्याच्याकडून ग्राहकाकडे येणाऱ्या माहितीला आवाजातून आकड्यांत जाण्याची पायरीच लागत नाही. उलट दिशेला ती पायरी लागतेच, म्हणून व्ही.९० मध्येही ग्राहकाकडून वर जाणारा वेग ३३,६०० बिट प्रतिसेकंदावरच थांबतो.

आता दोन कार्यालये घ्या. दोन्हीकडे साधी लाइन, दोन्हीकडे दुकानातून आणलेला ५६ केचा मोडेम. डिजिटल जोडणी कोणाकडेच नाही. हे दोन मोडेम एकमेकांची ओळख करून घेतात, व्ही.९० शक्य नाही हे त्यांच्या लक्षात येते आणि ते मुकाट्याने व्ही.३४ वर उतरतात. हे मानक १९९४ मध्ये २८,८०० बिट प्रतिसेकंदासाठी आले आणि १९९६ मध्ये ३३,६०० पर्यंत वाढवले गेले. नंतर आलेल्या व्ही.९२ मध्ये वर जाणारा वेग ४८,००० पर्यंत नेण्याची सोय आहे, परंतु तीही समोर डिजिटल उपकरण असेल तरच. दोन साध्या लाइनींच्या मध्ये व्ही.९२ चे मोडेम बसवून वेगात काहीही पदरात पडत नाही, त्यातली व्ही.४४ ही कॉम्प्रेशनची पद्धत मिळते, पण तिचा उपयोगही मर्यादित आहे आणि त्याविषयी पुढे येईलच. ज्यांना व्ही.३४ चा चांगला, वापरलेला पण सुस्थितीतला मोडेम मिळत असेल त्यांनी केवळ आकड्याच्या मोहाने नव्या डब्याकडे वळण्याचे कारण नाही.

३३,६०० चा हिशेब प्रत्यक्षात असा बसतो. आठाने भागल्यावर ४,२०० बाइट प्रतिसेकंद मिळतात. त्रुटीदुरुस्तीच्या चौकटींचा थोडा खर्च वजा जाता सुमारे ४,००० उरतात. आधीच झिप केलेली १० मेगाबाइटची फाइल या वेगाने साधारण पाऊण तासात जाते. २८,८०० वर तीच फाइल पन्नास मिनिटांच्या आसपास घेते, आणि व्ही.३२ बिस या त्याआधीच्या मानकाच्या १४,४०० वर पावणेदोन तासांच्या जवळ जाते. म्हणजे १४,४०० चा मोडेम आज बदलावा हे खरे, पण २८,८०० आणि ३३,६०० यांतला फरक कोणी जागून पाहणार नसलेल्या रात्रीच्या कामात फारसा जाणवत नाही. जाणवते ती वेगळीच गोष्ट: पस्तिसाव्या मिनिटाला तुटलेली लाइन. मोडेम निवडताना खरा प्रश्न हाच विचारायला हवा की लाइन बिघडू लागल्यावर हा मोडेम काय करतो आणि काय झाले ते नंतर सांगू शकतो का.

या कसोटीवर कुरिअर आजही उजवा ठरतो, आणि त्याचे पहिले कारण अगदी साधे आहे. त्याच्या तोंडावर दिव्यांची एक पूर्ण रांग आहे, आणि ती शोभेसाठी नाही. ओएच लागला की लाइन उचलली गेली, सीडी लागला की समोरच्या मोडेमचा सूर मिळाला, एए लागलेला असला की मोडेम येणारा फोन स्वतः उचलायला तयार आहे. एसडी आणि आरडी हे दिवे माहिती जाताना आणि येताना लुकलुकतात. यातला सर्वांत उपयोगी दिवा एआरक्यू हा आहे. त्रुटीदुरुस्ती लागू झाली की तो स्थिर जळतो आणि एखादा तुकडा पुन्हा पाठवावा लागला की मिटमिटतो. म्हणजे संगणकाच्या पडद्याकडे न पाहता, नुसते मोडेमसमोर उभे राहून लाइन कितपत खराब आहे याचा अंदाज येतो. सीएस दिवा मध्येच विझत असेल तर मोडेम संगणकाला थोडा दम धर असे सांगत आहे, आणि ते निरोगी लक्षण आहे. दूरच्या कार्यालयातील, तांत्रिक काम न करणाऱ्या माणसाला दुसऱ्या फोनवरून "कोणता दिवा लागलाय ते सांगा" एवढे विचारून अडचण शोधता येते, ही सोय कोणत्याही माहितीपत्रकात ठळक छापलेली नसते. दोन ठिकाणे सांभाळणाऱ्याला मात्र तिचे मोल कळते.

दुसरे कारण म्हणजे फोन ठेवल्यानंतर मिळणारा अहवाल. जोडणी संपल्यावर एटीआय६ ही आज्ञा दिली की मोडेम मागच्या कॉलचा तपशील देतो: किती अक्षरे गेली, किती आली, किती ब्लॉक पुन्हा पाठवावे लागले, दोन्ही मोडेमांना मध्येच किती वेळा नव्याने जुळवून घ्यावे लागले, कोणती त्रुटीदुरुस्ती आणि कोणते कॉम्प्रेशन लागू होते, आणि शेवटी कॉल कोणत्या कारणाने संपला. एटीआय११ त्याहून खोल जाते; तिथे सिग्नल आणि गोंगाट यांचे प्रमाण, प्रतिध्वनीची पातळी आणि माहिती जाऊन परत यायला लागणारा वेळ दिसतो. रात्रीच्या कामाच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे संगणक आपोआप चालवतो त्या आज्ञांच्या यादीत, फोन ठेवल्यावर या दोन आज्ञा देऊन उत्तर एका नोंदवहीच्या फाइलीत साठवावे. काही दिवसांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की लाइन रोज वाईट आहे की फक्त पावसात वाईट होते, दोष आपल्या टोकाचा आहे की पलीकडचा, हे तर्काने नव्हे तर आकड्यांनी सांगता येते. टेलिफोन कंपनीकडे तक्रार करताना तर असा कागद हाताशी असलेला बरा. स्वस्त मोडेमांपैकी बरेच जण या आज्ञांना नुसते ओके म्हणून गप्प बसतात.

जोडणी झाल्यावर येणाऱ्या संदेशाबद्दलही इथेच सांगतो. अनेक मोडेम सुरुवातीला "कनेक्ट ११५२००" असे मोठ्या थाटात सांगतात. तो वेग लाइनचा नसतो, संगणक आणि मोडेम यांच्यामधल्या केबलचा असतो. कुरिअर मात्र नीट बसवला असेल तर "३१२००" हा लाइनचा वेग, त्यापुढे एआरक्यू, व्ही३४, एलएपीएम (त्रुटीदुरुस्तीची पद्धत) आणि व्ही४२बिस (कॉम्प्रेशनची पद्धत) अशी पूर्ण ओळ देतो. या ओळीत एलएपीएम दिसले नाही तर त्रुटीदुरुस्ती लागलेली नाही असे समजून फोन ठेवावा आणि पुन्हा लावावा; स्क्रिप्टला हे काम शिकवता येते आणि ते शिकवलेच पाहिजे.

त्रुटीदुरुस्तीविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. व्ही.४२ या मानकातली एलएपीएम पद्धत असली म्हणजे फाइल बिनचूक पोहोचणार, असे मानले जाते. एलएपीएम एका मोडेमपासून दुसऱ्या मोडेमपर्यंतच पहारा देते. मोडेमपासून संगणकापर्यंतच्या हातभर केबलवर तिचा काहीही अधिकार नाही, आणि बाइट हरवण्याची बरीच प्रकरणे नेमकी याच हातभर अंतरात घडतात. केबल जिथे लागते त्या पोर्टचा वेग ११५,२०० ठेवला तर सुमारे ८७ मायक्रोसेकंदांनी एक बाइट येऊन थडकतो. जुन्या ८२५० जातीच्या सिरियल चिपमध्ये आलेला एकच बाइट ठेवायला जागा असे. संगणक दुसऱ्या कामात असला की पुढचा बाइट आधीच्या बाइटवर बसायचा आणि तो कायमचा जायचा. १६५५०ए या चिपमध्ये १६ बाइटांची रांग आली आणि हा त्रास बहुतांशी मिटला. आज जुना संगणक वापरात असेल तर मोडेम बदलण्याआधी त्याचा सिरियल पोर्ट कोणत्या चिपवर आहे ते पाहावे. नवा संगणक असेल तर यूएसबीला सिरियल जोडणारा अडॅप्टर लागतो, आणि तिथे वेगळा धोका असतो: काही अडॅप्टर आणि काही केबली आरटीएस आणि सीटीएस या दोन तारा नीट पोहोचवतच नाहीत.

या दोन तारांवरच मोडेम आणि संगणक एकमेकांना थांब आणि चल असे सांगतात. त्या नसतील तर मोडेम भरून वाहू लागला तरी संगणक ओततच राहतो. कुरिअरमध्ये एटी&एफ१ ही आज्ञा दिली की हार्डवेअर फ्लो कंट्रोल, म्हणजे या तारांवरून थांब-चल सांगण्याची सोय, असलेली कारखान्याची मांडणी लागू होते; तिथून सुरुवात करून मग फक्त हवे ते बदलावे आणि एटी&डब्ल्यू देऊन जतन करावे, म्हणजे वीज जाऊन आली तरी मांडणी हरवत नाही. संगणकाच्या प्रोग्राममध्येही हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू आहे आणि एक्सऑन-एक्सऑफ (तारांऐवजी माहितीतच खुणेची अक्षरे घालून थांब-चल सांगणे) बंद आहे, याची खात्री दोन्ही कार्यालयांत स्वतंत्रपणे करून घ्यावी. एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्या टोकाला चूक असेल तर फाइली एका दिशेने व्यवस्थित जातात आणि उलट दिशेने बिघडतात, आणि मग सगळे विनाकारण लाइनला दोष देत बसतात.

कॉम्प्रेशनच्या आकड्यांवर फार विसंबू नये. व्ही.४२ बिसची जाहिरात चारास एक अशी केली जाते, आणि कोऱ्या रकान्यांनी भरलेल्या मजकुरात ती काही वेळा खरीही ठरते. पण कार्यालयीन फाइली आधी संगणकावरच झिप करून घेतल्या तर मोडेमने करण्यासारखे काही शिल्लक राहत नाही, आणि संगणकावरचे कॉम्प्रेशन जवळजवळ नेहमीच मोडेममधल्यापेक्षा सरस असते, कारण त्याच्यापाशी पूर्ण फाइल आणि भरपूर स्मृती असते. व्ही.४२ बिसला एवढी समज आहे की माहिती आणखी दाबली जात नाही असे दिसताच ती तशीच पुढे सोडायची. त्याआधीच्या एमएनपी ५ या कॉम्प्रेशन पद्धतीला ती समज नाही; झिप फाइल त्यातून गेली की उलट फुगते. जुना मोडेम फक्त एमएनपी ५ जाणत असेल तर कॉम्प्रेशन बंद करून ठेवणे शहाणपणाचे. व्ही.४४ चेही हेच: साधा मजकूर थेट पाठवणाऱ्याला फायदा, झिप पाठवणाऱ्याला शून्य.

पाठवण्याच्या पद्धतीचा प्रश्न मोडेमइतकाच महत्त्वाचा आहे, आणि त्याच्यासाठी पैसेही लागत नाहीत. १९७७ मध्ये वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी तयार केलेली एक्समोडेम ही पद्धत १२८ बाइटांचा एक तुकडा पाठवते आणि पोच येईपर्यंत हात बांधून थांबते. ३३,६०० च्या लाइनवर १२८ बाइट जायला सेकंदाचा तिसावा हिस्साही पुरतो, पण त्रुटीदुरुस्ती करणाऱ्या दोन मोडेमांमधून पोच परत यायला त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. त्यामुळे लाइन बहुतेक वेळ रिकामी पडून राहते आणि नवा मोडेम जुन्याइतकाच धीमा भासतो. चक फोर्सबर्ग यांनी १९८६ मध्ये आणलेली झेडमोडेम ही पद्धत पोच येण्याची वाट न पाहता ओघाने पाठवत राहते, ३२ बिटांच्या सीआरसीने (माहितीवरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याने) तपासणी करते आणि लाइन तुटली तर पुढच्या कॉलमध्ये जिथे थांबली तिथून पुढे सुरू करते. पस्तिसाव्या मिनिटाला तुटलेल्या लाइनीवरचा इलाज तो हाच. शिवाय केबलवर हरवलेला बाइट एलएपीएमच्या नजरेतून सुटला तरी या सीआरसीच्या नजरेतून सुटत नाही. कोलंबिया विद्यापीठात जन्मलेल्या कर्मिट या पद्धतीतही मोठे पॅकेट आणि सरकत्या खिडक्या (एका पोचेसाठी न थांबता अनेक पॅकेटे पाठवणे) चालू केल्या तर वेग चांगला मिळतो; न केल्यास तो फार रेंगाळतो, आणि कर्मिटची बदनामी झाली ती बहुधा याच कारणाने.

ज्या कार्यालयांत रोज त्याच मोठ्या फाइलींमध्ये थोडेथोडे बदल होतात, त्यांनी याहून वेगळा मार्ग धरावा. दोन्ही टोकांना पीपीपी (दोन संगणकांना फोन लाइनवरून जाळ्यासारखे जोडणारी पद्धत) चालवून मोडेमच्या जोडणीवर छोटे जाळे उभे करायचे आणि त्यावर आरसिंक हा प्रोग्राम वापरायचा. आरसिंक फाइलीतला फक्त बदललेला भाग पाठवते. दहा मेगाबाइटच्या फाइलीत काही नोंदी वाढल्या असतील तर पाऊण तासाचे काम काही मिनिटांवर येते, आणि कोणताही मोडेम बदलून एवढा फायदा मिळणार नाही. मात्र यासाठी मूळ फाइल झिप केलेली नसावी. झिपमध्ये सुरुवातीचा छोटासा बदलही पुढचे जवळजवळ सगळे बाइट बदलून टाकतो आणि आरसिंकच्या हाती तुलना करण्यासारखे काही राहत नाही. इथे कॉम्प्रेशन आरसिंकलाच करू द्यावे. माझ्या मते मोडेमवर खर्च करण्याआधी सर्वांत जास्त विचार या एका गोष्टीवर व्हायला हवा, आणि बहुतेक ठिकाणी तो सर्वांत कमी होतो.

वेगाबाबत कुरिअरची आणखी एक सोय सांगितली पाहिजे. व्ही.३४ मध्ये मोडेम सुरुवातीला लाइनवर सूर टाकून तिची चाचपणी करतात आणि त्यावरून वेग ठरवतात. हा वेग २,४०० च्या टप्प्यांनी वरखाली होतो. त्या क्षणी लाइन चांगली असेल तर मोडेम ३१,२०० किंवा ३३,६०० पकडतो, आणि थोड्या वेळाने खरखर वाढली की दोघे मध्येच थांबून नव्याने जुळवून घेतात. त्या वेळी काही सेकंद काहीच जात नाही. असे वारंवार होत असेल तर कमाल वेग स्वतःच २६,४०० किंवा २४,००० वर बांधून टाकावा. कागदावर हा तोटा दिसतो, पण न थांबता चाललेला २६,४०० अडखळत चाललेल्या ३१,२०० च्या आधी पोहोचू शकतो, आणि मुख्य म्हणजे लाइन तुटत नाही. जिथे एटीआय६ च्या अहवालात नव्याने जुळवण्याचा आकडा सतत मोठा दिसतो, तिथे हाच पहिला उपाय करून पाहावा.

संगणकाच्या आत बसणाऱ्या कार्डांविषयी थोडक्यात. खरे नियंत्रक असलेले कार्ड काम चोख करते, पण त्याला दिवे नसतात, ते अडकले तर वीज तोडून सुरू करण्यासाठी पूर्ण संगणक बंद करावा लागतो, आणि टेलिफोनच्या तारेवरून आकाशातली वीज आली तर ती थेट संगणकाच्या पोटात शिरते. बाह्य मोडेममध्ये तीच वीज बहुधा मोडेमवर निभावते. रात्री कोणी नसताना चालणाऱ्या यंत्रासाठी ही तीनही कारणे पुरेशी आहेत. सॉफ्टमोडेम, ज्यांना सर्रास विनमोडेम म्हटले जाते, मी या कामासाठी सरळ नाकारतो. मोडेमचे गणित ते संगणकाच्या प्रोसेसरकडून करून घेतात, त्यामुळे ते त्या ठरावीक ड्रायव्हरशी आणि त्या ठरावीक ऑपरेटिंग सिस्टिमशी बांधलेले असतात. संगणक बदलला की मोडेम निकामी होण्याची शक्यता मोठी. लॅपटॉपवरून कधीतरी इंटरनेट पाहण्यापुरते ते ठीक होते.

यूएसबी मोडेमांमध्ये यूएस रोबोटिक्सचाच ५६३७ हा छोटा मोडेम वेगळा काढावा लागेल. तो स्वतःचे नियंत्रक असलेला खरा मोडेम आहे आणि लिनक्सवर नेहमीच्या एसीएम ड्रायव्हरने चालतो. सिरियल पोर्ट नाही, अडॅप्टरची भानगड नको, अशा ठिकाणी तो समाधानकारक पर्याय आहे. कुरिअरसारखी दिव्यांची रांग आणि खटक्यांनी मांडणी पक्की करण्याची सोय त्यावर नाही, त्यामुळे फोन करणाऱ्या, म्हणजे जिथे जाणता माणूस बसतो त्या, टोकाला तो चालेल. फोन घेणाऱ्या आणि बहुधा कुलूपबंद असणाऱ्या टोकाला मी कुरिअरच ठेवीन. शक्य असेल तर दोन्हीकडे एकच मॉडेल आणि एकच फर्मवेअर (मोडेमच्या आतला प्रोग्राम) असावे हे सर्वांत उत्तम. मानके सारखी असली तरी वेगवेगळ्या चिपांचे मोडेम खराब लाइनवर एकमेकांशी कसे वागतील हे सांगता येत नाही, शिवाय एकसारखी जोडी असली की एक मोडेम बदलून पाहणे हीच सगळ्यांत सोपी चाचणी होते.

लाइनच्या बाजूने तीन गोष्टी तपासल्याशिवाय कोणत्याही मोडेमला नावे ठेवू नयेत. लाइनवर कॉल वेटिंग असेल तर मध्येच वाजणारा सूर जोडणी तोडू शकतो. ती सेवा काढून टाकावी, ते शक्य नसेल तर एस१० या रजिस्टरमधली (मोडेममधल्या मांडणीच्या आकड्यातली) मुदत वाढवावी, जेणेकरून क्षणभर सूर हरवला तरी मोडेम लगेच फोन ठेवणार नाही. कार्यालयात डिजिटल पीबीएक्स (कार्यालयाची स्वतःची अंतर्गत फोन यंत्रणा) असेल तर टेबलावरच्या त्या सॉकेटमध्ये साधा मोडेम मुळीच लावू नये, तिथला प्रवाह मोडेमला जाळू शकतो. मोडेमसाठी वेगळी अॅनालॉग लाइन घ्यावी. आणि सेवा देणाऱ्याने ती लाइन मागच्या मागे इंटरनेटवरच्या फोनमध्ये बदललेली नाही ना, हे लेखी विचारून घ्यावे. जी.७११ या पद्धतीने जाणाऱ्या आवाजावर मोडेम काही काळ तग धरतो, पण एखादे पॅकेट हरवले किंवा उशिरा आले की सूर तुटतो. जी.७२९ सारख्या, माणसाच्या बोलण्यासाठीच बेतलेल्या आणि ८,००० बिट प्रतिसेकंदात आवाज बसवणाऱ्या पद्धतीवर मोडेमचा सूर ओळखू येण्यासारखा उरतच नाही. अशा लाइनवर कितीही चांगला मोडेम लावला तरी उपयोग नाही.

सुरक्षिततेबाबत एवढेच की स्वतः फोन उचलणारा मोडेम म्हणजे कार्यालयाचा एक दरवाजा आहे, आणि ओळीने सगळे क्रमांक फिरवून असे मोडेम शोधणे फार जुने तंत्र आहे. कुरिअरमध्ये पासवर्ड विचारून मग ठरलेल्या क्रमांकावर उलट फोन करण्याची सोय आहे, ती वापरावी. फाइली नाजूक असतील तर आधी कॉम्प्रेस करून मग कूटबद्ध कराव्यात. उलट क्रम केला तर कॉम्प्रेशनला काहीच सापडत नाही. आणि रात्रीचे ठरलेले दोन तास सोडून इतर वेळी मोडेमने फोन उचलूच नये, यासाठी एस० हे रजिस्टर स्क्रिप्टमधून शून्य करता येते.

दोन्ही कार्यालये एकाच आवारात किंवा काही किलोमीटरांच्या आत असतील आणि त्यांच्यामध्ये स्वतःची, एक्स्चेंजमधून न जाणारी तांब्याची जोडतार असेल, तर वरची सगळी चर्चा विसरून जी.एसएचडीएसएल मोडेमची जोडी घ्यावी. त्यात जाण्याचा आणि येण्याचा वेग सारखाच असतो आणि पुढच्या आवृत्तीत तो एका जोडीवर ५.६९६ मेगाबिट प्रतिसेकंदापर्यंत जातो; अंतर वाढेल तसा तो कमी होतो. घेताना एक मोडेम मध्यवर्ती टोकाचे आणि दुसरा ग्राहक टोकाचे काम करू शकतो ना, एवढे पाहावे. दोन्हीकडे एडीएसएल (टेलिफोनच्या तारेवरून मिळणारे ब्रॉडबँड) असेल तर मात्र तिथेही ५६ केसारखीच गफलत होते. डब्यावरचा मोठा वेग खाली येणाऱ्या माहितीचा असतो आणि एका कार्यालयाकडून दुसऱ्याकडे जाणारी फाइल पाठवणाऱ्याच्या वर जाण्याच्या वेगानेच सरकते; साध्या एडीएसएलमध्ये तो १ मेगाबिटच्या आसपासच असतो. तरीही हा वेग ३३,६०० च्या तीसपट आहे, त्यामुळे ज्याला एडीएसएल मिळते त्याने टेलिफोन मोडेमच्या वाटेला जाऊ नये.

कुरिअरचे दोष लपवण्यासारखे नाहीत. डबा मोठा आहे, आज्ञांची संख्या माणसाला घाबरवणारी आहे, आणि सिरियल केबल व वेगळा वीज अडॅप्टर यांचा पसारा टेबलावर वाढतो. खालच्या बाजूचे छोटे खटके कशासाठी आहेत हे पुस्तिका उघडल्याशिवाय कळत नाही, आणि वापरलेला मोडेम घेताना ते आधीच्या मालकाच्या सोयीने लावलेले असतात, म्हणून ते प्रथम तपासावेत. पुस्तिकेची प्रत दोन्ही कार्यालयांत ठेवावी. अडॅप्टरची खबरदारी त्याहून मोठी: अशा अनेक जुन्या बाह्य मोडेमांचे अडॅप्टर डीसी नव्हे तर एसी वीज देतात, आणि प्लग बसतो म्हणून राउटरचा डीसी अडॅप्टर लावला तर मोडेम एक तर चालत नाही किंवा बिघडतो. वापरलेला मोडेम मूळ अडॅप्टरशिवाय मिळत असेल तर मागे छापलेले व्होल्टेज आणि एसीची खूण पाहून त्याच जोडीचा अडॅप्टर आधी हाती आहे याची खात्री करावी, आणि एक जादा अडॅप्टर फोन घेणाऱ्या कार्यालयात, मोडेमच्याच कपाटात, चिठ्ठी लावून ठेवावा.